गांजा ओढणाऱ्याची अटक बंद करा, विक्री सरकारने हातात घ्यावी

अंजनवेल (धागाकर्ती):

मी मुंबईत फौजदारी वकिली करते. एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायदा म्हटलं की लोकांना बड्या घरची मुलं आणि पार्ट्या आठवतात. मॅजिस्ट्रेट कोर्टात रोज दिसतो तो माणूस वेगळा असतो. नाक्यावरचा बिगारी, हातगाडी ओढणारा, उड्डाणपुलाखाली चिलीम आणि पुडीसकट पकडलेला. "गुन्हा कबूल आहे का?" असं साहेबांनी विचारलं की तो माझ्याकडे न बघताच मान हलवतो. नाही म्हटलं तर तारखा पडतात आणि प्रत्येक तारखेला एक हजेरी बुडते. दंड भरून मोकळं होणं त्याला स्वस्त पडतं. पुढे कधी वॉचमनच्या नोकरीसाठी पोलीस पडताळणी झाली की तीच शिक्षा वर येते.

विधी सेंटर फॉर लीगल पॉलिसी या संशोधन संस्थेने मुंबईतल्या 2017 आणि 2018 सालच्या निकालांचा अभ्यास केला होता. बहुसंख्य प्रकरणं गांजाची, तीही सेवनाची. शिक्षा झालेले बहुतेक रोजंदारीवर जगणारे. हा कायदा ज्यांच्यावर चालतो ते हे लोक.

एनडीपीएस 14 नोव्हेंबर 1985 ला लागू झाला. त्याआधी सरकारी परवान्याची गांजाची दुकानं होती आणि त्यावर कर होता. 1893-94 मध्ये इंग्रज सरकारने नेमलेल्या आयोगाने हजाराच्या वर साक्षी घेतल्या, वेड्यांच्या इस्पितळांची दप्तरं तपासली. 'गांजामुळे वेड' अशा कित्येक नोंदींना काही आधारच नव्हता; दुसरं कारण सापडलं नाही म्हणून ते लिहिलेलं होतं. बंदी नको, कर आणि नियंत्रण ठेवा, अशी आयोगाची शिफारस होती.

माझा प्रस्ताव असा: 21 वर्षं पूर्ण झालेल्या माणसाकडे 50 ग्रॅमपर्यंत गांजा असेल तर तो गुन्हाच नको. चारचौघांत ओढला तर जागेवर दंड. विक्री खासगी हातात अजिबात नको. सरकारी महामंडळाची मोजकी दुकानं, साधं पाकीट, त्यावर टीएचसीचं, म्हणजे नशा आणणाऱ्या घटकाचं प्रमाण, जाहिरात शून्य. उत्तर प्रदेश-राजस्थानात भांगेचे परवानाधारक ठेके आजही आहेत, कारण एनडीपीएसच्या व्याख्येत फुलोऱ्याचे शेंडे येतात, नुसती पानं येत नाहीत. म्हणजे या झाडाच्या एका भागाची विक्री परवाना देऊन करण्याचा अनुभव आपल्याकडे आहे.

पतियाळाचे तेव्हाचे खासदार डॉ. धरमवीर गांधी यांनी 2016 मध्ये एनडीपीएस बदलण्यासाठी खासगी विधेयकाचा प्रयत्न केला. 2021 मध्ये केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयानेही स्वतःपुरता थोडा माल बाळगणाऱ्याला गुन्हेगार मानू नका, असं सुचवल्याच्या बातम्या आल्या. पुढे काही हललं नाही. इथे विरोधी मतं हवीच आहेत, पण कोर्टातल्या त्या माणसाचं काय करायचं तेही सांगा.

कौमुदी:

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे आणि दुकानाला माझा ठाम विरोध आहे.

ओपीडीत आई-वडील एकोणीस वर्षांच्या मुलाला घेऊन येतात. अभियांत्रिकीचं दुसरं वर्ष, वसतिगृहात राहणारा. त्याने मोबाइलच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावलेली, खोलीतल्या पंख्याच्या कपमध्ये कुणीतरी माइक बसवलाय म्हणून तो कप उघडून ठेवलेला. वर्षभर रोज ओढत होता. गांजा सुटल्यावर काहींचं पूर्ववत होतं, काहींचं होत नाही. कुणाचं होणार नाही हे आधी सांगता येत नाही.

1893 चा आयोग कृपा करून आता बाजूला ठेवा. त्याने पाहिलेला गांजा आणि आज बंद खोलीत दिव्यांखाली वाढवलेला 'हायड्रो' यांच्या ताकदीची तुलनाच होत नाही. 2019 मध्ये लॅन्सेट सायकिअॅट्री या वैद्यकीय नियतकालिकात युरोप आणि ब्राझीलमधल्या रुग्णांचा अभ्यास आला. 10 टक्के किंवा त्याहून जास्त टीएचसीचा माल रोज घेणाऱ्यांत सायकोसिसची (भास-भ्रम होऊन वास्तवाचं भान सुटण्याची) शक्यता कधीच न घेणाऱ्यांच्या जवळपास पाचपट आढळली. हा संबंध आहे, थेट कारण सिद्ध झालंय असं मी म्हणत नाही. पण धोक्याची घंटा म्हणून एवढं पुरे.

एम्सच्या 2019 च्या राष्ट्रीय अहवालात दारू पिणारे सुमारे 16 कोटी आणि भांग, गांजा, चरस मिळून 3.1 कोटी. दारू पाचपट का? ती कोपऱ्यावर मिळते म्हणून. आणि भारतात लाख लोकांमागे एक मानसोपचारतज्ज्ञसुद्धा नाही. दुकानं उघडून वाढणारे रुग्ण कुणाच्या दारात पाठवणार आहात?

कोर्टातल्या माणसाबद्दल विचारलंत. त्याला अटक नको, याला माझा पूर्ण पाठिंबा. त्याला दंडापेक्षा समुपदेशकाची गरज आहे.

वसुबारस:

कौमुदीताईंशी सहमत, आणि त्यांच्यापेक्षा एक पाऊल पुढे जाऊन म्हणतो की अटकेची भीतीही राहू द्या. आमच्या तालुक्याच्या गावात पोरांना आवरायला घरच्यांच्या हातात तेवढंच उरलंय.

सरकारी महामंडळ विकेल म्हणे! जानेवारी 2022 मध्ये याच राज्याच्या मंत्रिमंडळाने सुपरमार्केटात वाइन ठेवायला मंजुरी दिली होती. कारण काय सांगितलं, तर द्राक्ष बागायतदारांचं भलं. लोक खवळले म्हणून ते अडलं. चंद्रपूरची दारूबंदी 2015 मध्ये बायाबापड्यांनी मोर्चे काढून, वर्षानुवर्षं झगडून मिळवली आणि 2021 मध्ये एका बैठकीत उठवली. महसुलाचा घास एकदा तोंडाला लागला की सरकार नियंत्रक राहत नाही, दुकानदार होतं. आज मोजकी दुकानं म्हणाल. पाच वर्षांनी तुटीचा अर्थसंकल्प आला की प्रत्येक तालुक्याला एक होईल.

अंजनवेल:

वसुबारस, महसुलाची भीती खरी आहे. म्हणूनच दुकानांची संख्या कायद्यातच बांधून टाका, उत्पन्न व्यसनमुक्ती केंद्रांसाठी राखून ठेवा. चंद्रपूरचं मात्र उलट बाजूनेही बघा. बंदी उठवताना सरकारने अवैध दारू आणि वाढलेली गुन्हेगारी हीच कारणं दिली. ती तुम्हाला सबबी वाटतील; पण बंदीच्या काळात शेजारच्या जिल्ह्यांतून दारू येत होती हे तिथले लोकच सांगतात. गुटख्यावर महाराष्ट्रात 2012 पासून बंदी आहे. तुमच्या गावातली कुठलीही टपरी बघा आणि सांगा.

भीतीने पोरं आवरतात हेही मला पटत नाही. पकडला गेलेला मुलगा घरी सांगत नाही, दवाखान्यात जात नाही. कायद्याच्या कलम 64ए मध्ये स्वतःहून उपचाराला येणाऱ्या व्यसनी माणसाला खटल्यापासून सूट आहे. ती नाक्यावरच्या बिगाऱ्याला कुणी सांगितलेली असते का?

तापीखोरं:

शहरातली चर्चा वाचली. मी शिरपूरकडचा. सातपुड्याच्या कुशीत वनजमिनीवर गांजाची झाडं सापडल्याच्या बातम्या दर हंगामात येतात. तूर-कपाशीत मधोमध लावलेली, बाहेरून दिसत नाहीत. पोलीस येतात, झाडं उपटतात, वजन करतात, पेटवतात, फोटो काढतात. गुन्हा दाखल होतो तो ज्याचं नाव त्या तुकड्याशी जोडता येईल त्या पावरा आदिवासी कुटुंबावर. बियाणं आणि उचल देऊन गेलेला व्यापारी कागदावर कुठेच नसतो. 20 किलोच्या वर भरलं की व्यावसायिक प्रमाण: किमान दहा वर्षं सक्तमजुरी, वर लाखाचा दंड, आणि कलम 37 मुळे जामीन महाकठीण. या शेतकऱ्याचा उल्लेख वर कुणीच केला नाही म्हणून लिहितोय.

2021 मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना अर्ज केला होता. कशालाच भाव मिळत नाही, दोन एकरांत गांजा लावायची परवानगी द्या. पेपरवाल्यांना मजा वाटली. मला त्यात अस्सल हताशपणा दिसला.

तरीही मी या प्रस्तावाला आज हो म्हणणार नाही. उत्तराखंडने 2018 च्या सुमारास तंतू-बियांसाठी भांगेच्या शेतीला परवाने सुरू केले, अट 0.3 टक्के टीएचसीची. डोंगरात पिढ्यान् पिढ्या उगवणारं देशी वाण त्या अटीत बसत नाही. ज्याच्याकडे प्रयोगशाळा आणि परदेशी बियाणं, त्याचा परवाना. महामंडळ माल कुणाकडून घेणार, हे कायद्यात लिहिलेलं नसेल तर आमच्याकडे फक्त केसेस राहतील आणि धंदा कंपन्यांकडे जाईल. आधी डोंगरातल्या माणसाच्या गटाला लागवडीचा पहिला हक्क लिहा, मग बोलू.

नेकरकाठ:

जर्मनीत श्टुटगार्टजवळ राहतो, म्हणून इथला अनुभव. 1 एप्रिल 2024 पासून प्रौढांना बाहेर 25 ग्रॅम, घरी 50 ग्रॅम आणि तीन झाडं चालतात. दुकान नाहीच. 1 जुलैपासून बिगरनफा क्लबना वाट मोकळी झाली: जास्तीत जास्त 500 सभासद, महिन्याला 50 ग्रॅम. 18 ते 21 वयाला 30 ग्रॅम, तेही 10 टक्के टीएचसीच्या आतलं. कौमुदीताई, तुम्ही सांगितलेल्या ताकदीचा विचार तरुणांपुरता तरी इथे कायद्यात आला आहे.

अडचणीही सांगतो. क्लबांच्या परवान्यांना वेळ लागतो, कागदपत्रं भरमसाट. त्याच कायद्याने औषधी गांजा अमली पदार्थांच्या यादीतून निघाला, तेव्हापासून ऑनलाइन फॉर्म भरून डॉक्टरची चिठ्ठी मिळवणारे खूप वाढले. काळा बाजार संपलेला नाही. पण स्टेशनबाहेर चिमूटभर मालासाठी पोरांना खिसे उलटे करायला लावणं कमी झालं, हे मी डोळ्यांनी बघतो. मला दुकानापेक्षा क्लबचं रूप भारताला बरं वाटतं. जाहिरात नाही, नफा नाही, त्यामुळे वसुबारस म्हणतात ती महसुलाची चटकही नाही.

कौमुदी:

क्लब शहरी सुखवस्तूंचे होतील. नाक्यावरचा बिगारी तिथे सभासदत्वाचा अर्ज भरणार नाही, तो पुलाखालीच ओढणार. ज्याच्यासाठी हा धागा काढला त्याला त्यातून काय मिळालं?

थायलंडकडे बघा. जून 2022 मध्ये गांजा अमली पदार्थांच्या यादीतून काढला, नियम नंतर करू म्हणाले. गल्लोगल्ली हजारो दुकानं झाली. जून 2025 मध्ये पुन्हा डॉक्टरच्या चिठ्ठीची अट घालावी लागली. आपल्याकडे कायदा आधी आणि नियम नंतर हीच रीत आहे, म्हणून मला थायलंड जास्त जवळचा वाटतो, जर्मनी नाही.

वसुबारस:

एक प्रश्न कुणीच घेतला नाही. दारू प्यायलेला ड्रायव्हर फुंकणीत पकडला जातो. गांजाचं काय? लघवीत तो कित्येक दिवस दिसत राहतो, त्यामुळे माणूस आत्ता नशेत आहे की गेल्या आठवड्यात ओढला होता, हे कळत नाही. घाटात एसटीसमोर येणाऱ्या ट्रकवाल्याला कुठल्या यंत्राने तपासणार?

अंजनवेल:

प्रश्न रास्त आहे. जर्मनीने रक्तातल्या टीएचसीची मर्यादा ठरवली आहे, लघवीची नाही. पण आपल्या तालुक्याच्या ठिकाणी रात्री रक्त घेऊन वेळेत प्रयोगशाळेत पोचवण्याची सोय नाही, हे मान्यच करायला हवं. ती सोय होईपर्यंत दुकान नको असं म्हणत असाल तर त्यावर मी वाद घालणार नाही. अटकेला मात्र ती सबब लावू नका. पुलाखाली बसलेला माणूस ट्रक चालवत नसतो. सेवनाच्या कलम 27 मधून गांजा वगळणं आणि थोडा माल बाळगण्याबद्दलचं कलम 20 बदलणं, यासाठी ना यंत्र लागतं ना महामंडळ. तापीखोरं, लागवडीचा पहिला हक्क मी प्रस्तावात घालते. गटाच्या नावाने द्यायचा की वनपट्ट्याच्या सातबाऱ्यावर, ते तुम्ही सांगा.

तापीखोरं:

गटाच्या नावाने. निम्म्या लोकांचे वनहक्काचे दावे अजून अडकलेले आहेत, सातबारा मागितलात तर तेच बाहेर राहतील. आणि एक जोडा: आज आत असलेल्यांच्या खटल्यांचं काय, तेही त्याच विधेयकात हवं.