दक्षिण आफ्रिका: वर्णभेदाचा इतिहास बघायला ग्रुपने जायचंय, कसं आखावं?

पुण्याचे_मास्तर:
आम्ही १२ जण, बहुतेक रिटायर्ड शिक्षक. वर्षानुवर्षं मंडेला, गांधीजी शिकवले, आता प्रत्यक्ष बघायचंय. टूरवाल्याने १० दिवसांचा प्लॅन दिलाय त्यात सफारी, टेबल माउंटन, शॉपिंग आणि रॉबेन आयलंड एकदम शेवटच्या दुपारी, बाकी इतिहास नाहीच. काय बदलून घेऊ?

सातारकर७१:
सर, आधी रॉबेन आयलंड पुढे घ्या. समुद्र खवळला की बोट रद्द होते, शेवटच्या दिवशी ठेवलंत तर हुकलंच समजा. मंडेला कैदेतल्या २७ वर्षांपैकी १८ वर्षं तिथल्या तुरुंगात होते. कोठडी बघून गलबलतंच, पण मी थबकलो ते जेवणाच्या तक्त्यापाशी. भारतीय आणि मिश्रवंशीय कैद्यांना ब्रेड, जॅम, काळ्या कैद्यांना दोन्ही नाही, साखरसुद्धा कमी. कपड्यांचंही तसंच, मंडेलांचे सहकारी अहमद कथरादा यांना फुल पँट आणि मंडेलांना हाफ पँट, का तर कथरादा भारतीय वंशाचे. एकाच खटल्यात एकाच दिवशी जन्मठेप झालेली माणसं ही! वर्गात नुसतं भेदभाव भेदभाव म्हणून सांगतो ना आपण, तो तिथे औंसात मोजून लिहिलेला आहे.

जोबर्गची_सून:
जोहान्सबर्गला पूर्ण ३ दिवस द्याच काका. अपार्थाइड (वर्णभेद) म्युझियमच्या तिकिटावर गोरा किंवा बिगर-गोरा असं छापलेलं येतं, तुमच्या रंगाशी काही संबंध नाही, जे हातात येईल त्या दारातून आत जायचं. सासूबाई एका दाराने आणि मी दुसऱ्या, मधे जाळी, दोघी एकमेकींकडे बघत चालत होतो, ती दोन मिनिटं मी विसरणार नाही. कॉन्स्टिट्यूशन हिलच्या तुरुंगात गांधीजी आणि मंडेला दोघंही होते, आता तिथेच घटना न्यायालय आहे, पाडलेल्या बराकीच्या विटा वापरून बांधलेलं. सोवेटोत, म्हणजे जोहान्सबर्गजवळच्या काळ्यांच्या वस्तीत, हेक्टर पीटरसन स्मारक. १६ जून १९७६ ला शाळेत गोऱ्यांची आफ्रिकान्स भाषा लादतात म्हणून पोरं रस्त्यावर आली, पोलिसांनी गोळ्या घातल्या, हेक्टर १२ वर्षांचा होता. शिक्षक म्हणून तुम्हाला हे फार लागेल.

पुण्याचे_मास्तर:
दोघांचे मनापासून आभार. पीटरमारित्झबर्ग स्टेशनसाठी डरबनला जाणं जमेल का? आमच्यातल्या दोघींना गुडघ्याचा त्रास आहे.

सातारकर७१:
जमेल, डरबनपासून ८० किमीच्या आसपास आहे, गाडी करा. १८९३ मधे गांधीजींना जिथे उतरवलं ते स्टेशन अजून उभं आहे. पण तेवढंच बघून परतू नका, डरबनजवळ गांधीजींचा फिनिक्स आश्रम आणि तिथून जवळच ओहलांगेची शाळा, मंडेलांच्या पक्षाचे (आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचे) पहिले अध्यक्ष जॉन दुबे यांनी काढलेली. मंडेलांनी १९९४ ला आयुष्यातलं पहिलं मत तिथे दिलं, दुबेंची समाधी तिथेच आहे. आणि तुम्ही पुण्याचे, म्हणून सांगतो, गोखले १९१२ ला दक्षिण आफ्रिकेत जाऊन आले होते, करार संपलेल्या भारतीय मजुरांवरच्या ३ पौंडांच्या कराबद्दल सरकारशी बोलायला. निघायच्या आधी ग्रुपमधे कोणीतरी हे वाचून दाखवा.

जोबर्गची_सून:
केपटाऊनचं डिस्ट्रिक्ट सिक्स म्युझियम राहिलं! १९६६ ला सरकारने ती वस्ती फक्त गोऱ्यांची म्हणून जाहीर केली आणि ६० हजारांवर लोक हलवले. म्युझियमच्या फरशीवर वस्तीचा नकाशा आहे, जुन्या रहिवाशांनी आपापलं घर कुठे होतं तिथे हाताने नावं लिहिलीत. गुडघेवाल्या मावशींनाही झेपेल, चालणं कमी आहे. निदान अर्धा दिवस ठेवा.

पुण्याचे_मास्तर:
ठरलं, सफारी एकच दिवस. उद्याच टूरवाल्याला नवीन यादी देतो.