तीन पेट्या, तीन डॉट-कॉन्फिग: कर्नल बदलला की दर वेळी काहीतरी सुटतं

काटेवाला_साकीनाका
नमस्कार मंडळी. इलेक्ट्रॉनिक वजनकाट्यावरचं वजन थेट नोंदवणाऱ्या पेट्या मी बनवून देतो. तीन प्रकार आहेत: एक इंटेलचा मिनी पीसी, एक जुना ॲटमवाला आणि एक रास्पबेरी पाय ४. बूट पटकन व्हावं म्हणून लिनक्सचा कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, मीच बिल्ड करतो. तिघांच्या डॉट-कॉन्फिग फायली (कर्नलमध्ये काय घ्यायचं, काय नाही याच्या याद्या) गिटमध्ये, म्हणजे बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात, आहेत. मिनी पीसीची तर जवळजवळ दहा हजार ओळींची.

गेल्या महिन्यात ६.१ वरून ६.१२ वर आलो. टेबलावर डॉट-कॉन्फिग छाटून देणारं मेक लोकलमॉडकॉन्फिग चालवलं, बिल्ड सुटसुटीत झाला, पेटी लावून आलो. परवा पहाटे साडेचारला ससून डॉकवरून फोन. बोट लागलेली, कोळंबीच्या टोपल्या काट्यावर चढतायत आणि पडद्यावर वजनच नाही. मी टॅक्सीने पोचेपर्यंत निम्मा माल उठला होता. बर्फाच्या पाण्यात उभ्या राहून मावश्या ओल्या वहीत आकडे लिहीत होत्या. त्यांचे पैसे त्या आकड्यांवर ठरतात, म्हणून फार वाईट वाटलं.

डीमेसेजमध्ये (कर्नलच्या नोंदींत) काट्याचा यूएसबी कन्व्हर्टर दिसत होता, पण वजन जिथून वाचायचं ते टीटीवाययूएसबी० पोर्ट तयारच झालेलं नव्हतं. जुना ६.१ बूट केला, वजन आलं. घरी येऊन डॉट-कॉन्फिगमध्ये सीएच३४१ ची, म्हणजे त्या कन्व्हर्टरच्या ड्रायव्हरची, ओळ हाताने घातली, तर मेक केल्यावर ती गायब! गिटचा डिफ (जुन्या-नव्यातला फरक) पाहावा तर हजारो ओळी बदललेल्या. तुम्ही लोक या फायली सांभाळता तरी कशा?

घाटकोपर_वेस्ट
लोकलमॉडकॉन्फिग चालवलं तेव्हा काटा जोडलेला होता का?

काटेवाला_साकीनाका
नाही हो. नुसता कीबोर्ड आणि मॉनिटर.

माहीमची_खाडी
दादा, मग गोम तिथेच आहे. लोकलमॉडकॉन्फिग एलएसमॉडची, म्हणजे लोड झालेल्या मॉड्यूलांची (सुट्या ड्रायव्हरांची) यादी बघतं आणि त्या घडीला लोड नसलेली मॉड्यूलं बंद करून टाकतं. काटा नव्हता म्हणजे सीएच३४१ लोड नव्हतं आणि ते ज्याच्यावर उभं आहे ते यूएसबी-सीरियलही नव्हतं. दोन्ही गेली. पुढच्या वेळी डॉकवरच्या पेटीला काटा, प्रिंटर, जे काही लागतं ते सगळं जोडून एलएसमॉडची यादी फाइलीत घ्या आणि घरी एलएसमॉड= लिहून ती फाइल द्या. शिवाय एलएमसी_कीप मध्ये ड्रायव्हर्स/यूएसबी लिहिलंत तर त्या डिरेक्टरीला ते हात लावत नाही.

आता तुमची ओळ का पळाली ते. डॉट-कॉन्फिग दर वेळी केकॉन्फिग, म्हणजे कर्नलची पर्याय ठरवणारी यंत्रणा, नव्याने लिहितं. वरचा यूएसबी_सीरियल बंद असेल तर त्याच्या पोटातल्या सीएच३४१ ची ओळ ते मुकाट्याने टाकून देतं. मेक मेन्यूकॉन्फिगच्या मेन्यूत स्लॅश दाबून सीएच३४१ शोधा, "डिपेंड्स ऑन" पुढे कुठली अट एन (बंद) आहे ते दिसेल. आणि वरचा एम (सुटं मॉड्यूल) असेल तर खालचा वाय (कर्नलमध्येच पक्का) होत नाही, एमच राहतो. यात माझा एकदा अख्खा रविवार गेलाय.

पण खरा प्रश्न तुम्ही शेवटी विचारलात. त्या दहा हजार ओळींतल्या तुम्ही स्वतः ठरवलेल्या ओळी किती? माझ्या कामात साठ-सत्तर निघाल्या. बाकीच्या मशीनने भरलेल्या. तुमच्या तेवढ्याच गिटमध्ये ठेवा. मी त्यांचे तुकडे करते: सगळ्या पेट्यांना सामाईक एक, प्रत्येक बोर्डाचा एक आणि जोडलेल्या वस्तूंचा एक. तुमचा काट्याचा तुकडा असा होईल:

# काट्याचा सीएच३४० कन्व्हर्टर, ड्रायव्हर सीएच३४१. हे नसेल तर टीटीवाययूएसबी० येत नाही.
कॉन्फिग_यूएसबी_सीरियल=एम
कॉन्फिग_यूएसबी_सीरियल_सीएच३४१=एम

वर कारण लिहायचंच. दोन वर्षांनी "हे कशाला?" म्हणून आपणच ओळ उडवतो, हे मी पाहिलंय. एक खबरदारी: "# कॉन्फिग_अमुक इज नॉट सेट" ही ओळ टिप्पणीसारखी दिसते, पण केकॉन्फिग तिला स्पष्ट नकार म्हणून वाचतं. फाइल स्वच्छ करायच्या नादात हॅशच्या ओळी पुसू नका.

हे तुकडे स्क्रिप्ट्स/केकॉन्फिग मधल्या मर्ज_कॉन्फिग.एसएच ने जोडायचे. आधी मूळ फाइल, मग तुकडे. नंतर येणारा आधीच्यावर मात करतो. शेवटी ती स्क्रिप्ट सांगते की तुम्ही मागितलेली अमुक किंमत अंतिम फाइलीत नाही. ही सूचना बिल्डच्या गर्दीत वर सरकून जाते, म्हणून मी स्वतःची पाच ओळींची तपासणी जोडली आहे: तुकड्यातली प्रत्येक कॉन्फिगची ओळ अंतिम डॉट-कॉन्फिगमध्ये ग्रेपने शोधायची, एक जरी सापडली नाही तरी बिल्ड थांबवायचा. दादा, बाकी काही नाही केलंत तरी चालेल, पण एवढं कराच.

घाटकोपर_वेस्ट
मेक सेव्हडेफकॉन्फिगनेही फाइल छोटी होते की. ते का नको?

माहीमची_खाडी
मूळ फाइलीसाठी मीही तेच वापरते. पण त्यात डिफॉल्टपेक्षा वेगळं तेवढंच उरतं. आज तुम्हाला हवी ती गोष्ट डिफॉल्टनेच चालू असेल तर तिची ओळ त्यात येत नाही आणि पुढच्या आवृत्तीत डिफॉल्ट बदलला की ती जाते. ज्या गोष्टीवाचून पेटी बंद पडेल ती तुकड्यात उघड लिहिलेली हवी.

विक्रोळी_ईस्ट
रास्पबेरी पायसाठी एक भर. इंटेलच्या मशीनवर बिल्ड करत असाल तर आर्च=आर्म६४ (पायच्या प्रोसेसरचा प्रकार) आणि क्रॉस_कंपाइल (त्याच्यासाठीचा कंपायलर) आधी एक्स्पोर्ट करा. एकदा जरी विसरून मेक ओल्डडेफकॉन्फिग (नव्या पर्यायांना डिफॉल्ट भरणारी आज्ञा) मारलं तर ते इंटेल समजून फाइल लिहितं आणि पायचे खास पर्याय पुसले जातात. एरर येत नाही. मी दोन्हींना बिल्डसाठी वेगळी ओ= डिरेक्टरी देतो, म्हणजे फायलींची सरमिसळ होत नाही.

आणि गिटच्या डिफवर डोळे फोडू नका. स्क्रिप्ट्स/डिफकॉन्फिगला जुनी आणि नवी फाइल द्या, नेमकं काय आलं, गेलं, बदललं तेवढंच दाखवतं. नव्या कर्नलमध्ये आधी मेक लिस्टन्यूकॉन्फिग चालवून नवे पर्याय वाचायचे. ६.१ ते ६.१२ उडी मोठी आहे, चहा घेऊन बसा.

काटेवाला_साकीनाका
ताई, तपासणी लावली आणि पहिल्याच बिल्डला ती अडली. एका गिऱ्हाईकाकडे एफटीडीआय कंपनीच्या चिपचा कन्व्हर्टर आहे. तुकड्यात मी कॉन्फिग_यूएसबी_सीरियल_एफटीडीआय लिहिलं होतं, खरं नाव शेवटी _एसआयओ लावून आहे. एरवी ही पेटी तशीच गेली असती.

विक्रोळीकर, पायची डिरेक्टरी वेगळी केली. तिघांचे मिळून माझ्या हातच्या ४३ ओळी निघाल्या, प्रत्येकीवर कारण लिहिलंय. कॉन्फिग_आयकेकॉन्फिग_प्रॉक पण चालू केलं, आता डॉकवर उभ्या उभ्या /प्रॉक/कॉन्फिग.जीझेड उघडून चालू कर्नलमध्ये काय आहे ते बघता येतं.

आज पहाटे चारपासून तिथेच होतो. पहिली टोपली सुरमईची, १८.४ किलो, पडद्यावर आली. मावशींनी वहीत लिहिलेला आकडाही तोच.