जिनिंगवर (कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात) कोरोना लसीच्या दोन्ही डोसचं सर्टिफिकेट मागून राह्यले
(आपला परिवार ग्रुप, नोव्हेंबर 2021)

भाऊजी: वहिनी, ठेकेदार म्हन्ते सोमवारपासून दोन्ही डोसचं सर्टिफिकेट दाखवा, नाही तं गेटातून परत. माहा एकच झाला हाय. सीझन आत्ता कुठं सुरू झाला अन् आत्ताच घरी बसू का?

काकाजी: असा कोनता कायदा हाय? सरकार सोताच सांगते लस ऐच्छिक हाय म्हनून. मंग पोटावर पाय काहून देते हे?

आत्याबाई: औरंगाबादले तं डोस नसला की पेट्रोल बंद, राशन बंद. कलेक्टरचाच आदेश हाय. आपल्याकडं बी तेच येईन पाहा. आपला बुलढाणा लसीत मागं हाय, बातमीत सांगतलं.

मी: काकाजी, ऐच्छिक आहे हे खरंच आहे. आरोग्य मंत्रालयानंच तसं लिहिलं आहे. पण एप्रिलमध्ये मामंजींसाठी बेड शोधत आपण खामगाव-अकोला किती फेऱ्या मारल्या, ते मी विसरू शकत नाही. जिनिंगच्या शेडमध्ये रुईच्या धुराळ्यात माणसं खेटून काम करतात. तिथं लस पाहिजेच, असं मला मनापासून वाटते.

मात्र भाऊजी, तुमची तारीख पाहा. पहिला डोस 14 सप्टेंबरला, कोविशिल्ड. दोन डोसमधले 84 दिवस 7 डिसेंबरला भरतात. त्याआधी कोविनवर, म्हणजे लसीच्या सरकारी पोर्टलवर, नोंदच होत नाही, सिस्टर देईल कुठून? जे सोमवारी मिळूच शकत नाही ते मागून माणसाची हजेरी कापणं हा अन्याय आहे. पहिल्या डोसच्या सर्टिफिकेटवर पुढची तारीख छापलेली असते. त्याची प्रिंट काढा अन् ठेकेदाराला नाही, थेट मालकाला दाखवा.

काकाजी: अन् ज्यायनं एकबी नाही घेतला त्यायचं काय? भीती वाटते लोकायले.

मी: भीती कशाची ते तर विचारा. मी लसीसाठी दारोदार फिरते काकाजी. काल एका घरी सिस्टरनं सुई भरली, बाईनं दंड पुढे केला अन् पदर ओढून मागे घेतला. म्हणाली, "ताई, उद्या ताप आला तं वेचाले कोन जाईन?" सुईला ती भीत नव्हती, एका दिवसाच्या मजुरीला भीत होती. तिच्या मागं उभ्या दोघी मग तशाच परत गेल्या. एका बाटलीत दहा डोस, फोडली की चार तासांत संपवायची. त्यातले तीन वाया गेले, फार जीवाला लागलं.

म्हणून माझं म्हणणं, मालकाला लस पाहिजे असेल तर त्यानं दुसऱ्या दिवसाची भरपगारी सुट्टी द्यावी अन् जिनिंगवरच कॅम्प लावावा. शंभरेक कामगार असले की कामाच्या जागी लसीकरण करायला एप्रिलपासून परवानगी आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात मी बोलते.

आत्याबाई: सुट्टीचा पैसा देईन का तो?

काकाजी: देतो म्हनला तं लिहून घेजा. तोंडी नोको. मी येतो सोबत, मले वळखते तो.

भाऊजी: रेच्यावरच्या (सरकी काढायच्या मशीनवरच्या) आठ-नऊ जनायचा दुसरा बाकी हाय, हे मलेच मायीत हाय. हमालायचं विचारा लागन.

मी: सगळ्यांची नावं, कोणती लस अन् पहिल्या डोसची तारीख कागदावर लिहून आणा. ज्यांनी एकही घेतला नाही त्यांची यादी वेगळी. उद्या नऊच्या आत द्या, सिस्टर दहाला दुसऱ्या गावी जातात.