लढाई कमी, दरबार जास्त: डी अँड डीत कोणते क्लास चालतात?

महालचा_डीएम
डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फाशांवर खेळायचा भूमिकांचा खेळ), पाचवी आवृत्ती, 2014 चे नियम, पात्रांची लेव्हल 1 ते 8. मी डीएम, म्हणजे खेळ चालवणारा. भोसलेकालीन नागपुरावर बेतलेलं शहर आहे: राजवाडा, सरदारांचे वाडे, गादीच्या वारसाचा वाद, जुन्या गोंड राजघराण्याचा मान. तलवार क्वचितच निघेल. चार खेळाडू, रविवारी धरमपेठेत बसतो. क्लास म्हणजे पात्राचा पेशा: एकाला बार्ड (गाण्यातून जादू करणारा) पाहिजे, एक रोग (चोर-हेर) म्हणून राहिला, तिसरा फायटरवर (लढवय्यावर) अडून बसला आहे, चौथ्याचं ठरायचं आहे. फायटरवाला नुसता बसून राहील याची मला काळजी आहे. काय सुचवाल?

वीसपैलू
रोग बिनधास्त द्या. लेव्हल 1 लाच दोन कौशल्यांत एक्स्पर्टाइज मिळते, म्हणजे प्रोफिशियन्सी (प्रावीण्य) बोनस दुप्पट. करिश्मा (व्यक्तिमत्त्वाची छाप) 16 असेल तर पर्सुएशन (मन वळवणं) +7, म्हणजे डीसी (गाठायचा आकडा) 15 ला वीस पैलूंच्या फाशावर 8 पुरतो: यशाची शक्यता 65 टक्के. एक्स्पर्टाइज नसती तर 55. लेव्हल 5 ला प्रोफिशियन्सी बोनस 3 झाला की हेच अंतर 15 टक्क्यांचं होते. सबक्लास (क्लासची पोटशाखा) इन्क्विझिटिव्ह घ्यायला लावा. खोटं पकडायच्या इन्साइटच्या (माणूस ओळखायच्या) चाचणीत फासा 7 किंवा खाली पडला तरी 8 धरतात. 2024 चे नियम चालत असतील तर रिलायबल टॅलेंट (प्रावीण्याच्या कौशल्यात फासा 9 किंवा खाली पडला तरी 10 धरणं) लेव्हल 11 ऐवजी 7 लाच येते, तुमच्या मोहिमेत बसते.

बार्डमध्ये कॉलेज ऑफ लोअर हा सबक्लास. लेव्हल 3 ला तीन जादा कौशल्यं, त्यावर एक्स्पर्टाइज. एकच सांभाळा: 2014 मध्ये इन्स्पिरेशनचा फासा (बार्ड साथीदाराला मदतीला देतो तो) 10 मिनिटांत वापरावा लागतो आणि लेव्हल 5 पर्यंत फक्त लाँग रेस्टनंतर (मोठ्या विश्रांतीनंतर) परत येतो. वाड्याच्या देवडीवर दिला आणि दिवाणानं तासभर ताटकळत ठेवलं, की फासा गेला.

फुटाळा_टेबल
रोगबद्दल पटते, पण खरी अडचण दुसरीकडे आहे. लढाई नसली की स्पेल स्लॉट (मंत्र टाकायचा मोजका साठा) खर्चच होत नाहीत. क्लेरिक (देवाचा पुजारी), विझार्ड (जादूगार), बार्ड दिवसाचे सगळे स्लॉट एकाच संभाषणावर ओततात, आणि रोगचं एक्स्पर्टाइज फिकं पडते. यावर डीएमच्या पुस्तकातला ग्रिटी रिअ‍ॅलिझमचा पर्याय लावा: शॉर्ट रेस्ट (छोटी विश्रांती) 8 तास, लाँग रेस्ट 7 दिवस. राजकारण तसंही आठवड्यांच्या हिशेबानं चालते.

चौथ्याला नॉलेज डोमेनचा क्लेरिक द्या. आर्काना, हिस्टरी, नेचर, रिलिजन यांपैकी दोघांत दुप्पट प्रोफिशियन्सी बोनस, वर दोन भाषा. पण लेव्हल 3 ला झोन ऑफ ट्रुथ (खोटं बोलू न देणारा मंत्र) येते आणि रहस्य धोक्यात येते. मंत्रावर बंदी नका घालू, तो नीट चालवा: 15 फुटांची त्रिज्या, 10 मिनिटं. करिश्मा सेव्ह (मंत्र परतवायची चाचणी) फसला तरी माणूस गप्प बसू शकतो, उत्तर टाळू शकतो, आणि आपल्यावर मंत्र आहे हे त्याला कळते. भर दरबारात सरदारावर असा मंत्र टाकणं हा त्याचा अपमान, त्याचे परिणाम खेळात दाखवा. गायडन्सचंही तसंच. चाचणीत 1डी4 (चार पैलूंचा एक फासा) जादा मिळतो, पण मंत्र पुटपुटावा लागतो, हात हलवावा लागतो. समोरचा दिवाण ते पाहून राहतो. चार्म पर्सन (भुरळ घालणारा मंत्र) उतरल्यावर तर माणसाला कळतेच की आपल्यावर जादू झाली.

तर्रीवाला_फायटर
फायटरची काळजी सोडा भाऊ, तो यात सगळ्यात चांगला बसू शकते. बॅटल मास्टर हा सबक्लास घ्या. टॅशाच्या पुस्तकातले (खेळाच्या पुरवणी पुस्तकातले) दोन मॅन्युव्हर (डावपेच) पाहा: कमांडिंग प्रेझेन्समुळे इंटिमिडेशन, परफॉर्मन्स, पर्सुएशनच्या चाचणीत सुपिरिऑरिटी डाय (बॅटल मास्टरचा खास फासा) जोडता येतो, टॅक्टिकल असेसमेंटमुळे इन्व्हेस्टिगेशन, हिस्टरी, इन्साइटमध्ये. लेव्हल 3 ला चार डी8 (आठ पैलूंचे फासे), प्रत्येकी सरासरी 4.5. आणि शॉर्ट रेस्टनंतर सगळे परत! वरचा रेस्टचा नियम लावला तर विझार्ड आठवडाभर स्लॉट जपून ठेवेल, फायटरचे फासे रात्रीच्या झोपेनं भरून येतील.

नुसत्या दरबारासाठी सामुराईही बरा. लेव्हल 3 ला हिस्टरी, इन्साइट, परफॉर्मन्स, पर्सुएशनपैकी एक, 7 ला पर्सुएशनमध्ये विस्डमचा मॉडिफायर जमा. सबक्लास कोणताही असो, बॅकग्राउंड (पात्राची पार्श्वभूमी) नोबल ठेवा, हिस्टरी आणि पर्सुएशन फुकट येतात.

फसते ते आकड्यांच्या वाटपात. सवयीनं करिश्मा 8 ठेवतात आणि मग फासे जोडूनही हाती काही लागत नाही. स्ट्रेंग्थ 15, कॉन्स्टिट्यूशन 13, करिश्मा 14 एवढं आधीच ठरवून घ्या. पॉइंट बायमध्ये (27 गुणांत हे आकडे विकत घ्यायच्या पद्धतीत) 21 गुण जातात, उरलेल्या 6 मध्ये विस्डम 12 आणि डेक्स्टेरिटी 10 बसते.

महालचा_डीएम
बॅटल मास्टर आणि 7 दिवसांचा रेस्ट, दोन्ही घेतो. पण बार्डचं काय? लेव्हल 5 पर्यंत त्याला आठवड्याला तीनच इन्स्पिरेशन मिळतील.

फुटाळा_टेबल
तेवढी सूट द्या. फॉन्ट ऑफ इन्स्पिरेशन (शॉर्ट रेस्टनंतरही इन्स्पिरेशन परत येणं) लेव्हल 5 ऐवजी 3 ला द्या, आणि फासा 2024 प्रमाणे तासभर टिकू द्या. देवडीवरची अडचणही त्यातच मिटते.