साने गुरुजी विशेषांक आणि वर्गातल्या एका मुलीचा प्रश्न

प्राथमिक शिक्षिका, चोपडा

सप्रेम नमस्कार.

आपल्या भागातील एका साहित्य मंडळाने आपल्या नियतकालिकाचा यंदाचा संपूर्ण अंक साने गुरुजींना वाहिला आहे. तो आपल्यापैकी बऱ्याच जणांनी वाचला असेल, असे समजून हा धागा सुरू करते. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमळनेरला ९७ वे साहित्य संमेलन झाले, तेव्हापासून असा अंक कोणीतरी काढावा असे मनात होते. मी तो दोन रात्रींत वाचून काढला आणि नंतर काही लेख पुन्हा वाचले.

अंकाचा निम्म्याहून अधिक भाग अमळनेरच्या सहा वर्षांना, म्हणजे १९२४ ते १९३० या काळातील प्रताप हायस्कूल, तेथील छात्रालय आणि गुरुजी स्वतःच्या हाताने लिहीत असत ते 'छात्रालय' दैनिक यांना दिलेला आहे. पालगडचे बालपण, 'श्यामची आई'चे कोकण, त्यातली आई हे सारे तुलनेने थोडक्यात आटोपले आहे. पहिल्या वाचनात मला वाटले, की गुरुजींवर आपला खान्देशी हक्क सांगण्याच्या ओढीत संपादकांकडून मूळ पुस्तकच बाजूला राहिले. दुसऱ्या वाचनात तितकी खात्री राहिली नाही.

ती का राहिली नाही, ते सांगते. मी चौथीच्या वर्गाला दर शनिवारी 'श्यामची आई'मधली एक रात्र वाचून दाखवते. मागच्या महिन्यात 'देवाला सारी प्रिय' ही रात्र वाचली. अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीतील एका थकलेल्या म्हातारीची मोळी खाली पडते, ती तिच्या डोक्यावर चढवून द्यायला कोणी पुढे येत नाही, आणि श्यामची आई त्याला सांगते, की जा, तिला मोळी उचलून दे आणि घरी आल्यावर आंघोळ कर. वर्ग शांत होता. मग मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "बाई, मोळी उचलून देणं चांगलं काम होतं ना? मग आंघोळ कशाला?"

मी तेव्हा एवढेच म्हणाले, की त्या काळी तशी रीत होती. हे उत्तर खोटे नाही, पण ते पुरेसे नाही हे तिच्या चेहऱ्यावरून मला कळले. विशेषांकात या रात्रीचा उल्लेख एका लेखात ओझरता येतो आणि लेख पुढे निघून जातो. आपल्याला अंक कसा वाटला हे तर कळवाच, पण त्या मुलीला आपण काय सांगितले असते, हेही कृपया लिहा.

निवृत्त शिक्षक, अमळनेर

ताई, आपला प्रश्न वाचून मी अंक पुन्हा उघडला. छात्रालयावरचा दीर्घ लेख मला या अंकाचा प्राण वाटतो, आणि आपल्या वर्गातल्या मुलीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्याच लेखात दडलेले आहे, असे मला वाटते.

गुरुजी अमळनेरला आले ते तत्त्वज्ञान मंदिरात अभ्यास करण्यासाठी. प्रताप शेठजींच्या आश्रयाने चाललेल्या त्या संस्थेत ते ग्रंथांत रमले असते, तर आपल्याला कदाचित तत्त्वज्ञानाचा एक अभ्यासक मिळाला असता. पण ते शाळेत गेले आणि छात्रालयातील मुलांचे झाले. मुलांच्या खोल्या झाडणे, अंथरुणे घडी करून ठेवणे, आजारी मुलाजवळ रात्र काढणे या गोष्टी आमच्या गावात आजही सांगितल्या जातात. आपल्या आईने आपल्यासाठी जे जे केले होते, ते ते हा पंचविशीतला मास्तर आजूबाजूच्या खेड्यांतून शिकायला आलेल्या मुलांसाठी करीत होता. कोकणातल्या त्या आईची आठवण येथे, बोरी नदीच्या काठी, रोजच्या कामात उतरली. ती कागदावर उतरली ती नंतर.

आता पुस्तकाची घडण पाहा. त्यात प्रकरणे नाहीत, 'रात्री' आहेत. दिवसभराची कामे आटोपून, प्रार्थना झाल्यावर श्याम आपल्या सोबत्यांना आईची एकेक आठवण सांगतो, आणि ऐकणारे मध्येच काही विचारतात, गहिवरतात, उद्याची वाट पाहतात. कोकणातील बालपणावर लिहायला बसलेल्या लेखकाला ही रचना सुचण्याचे तसे कारण नव्हते. सहा वर्षे संध्याकाळी मुलांना जवळ घेऊन गोष्टी सांगितलेल्या माणसाला मात्र दुसरी रचना सुचणेच कठीण होते. आठवणी पालगडच्या आहेत, पण त्या ज्यांना सांगायच्या ती मुले गुरुजींच्या डोळ्यांसमोर खान्देशची होती, असे मी मानतो. म्हणून संपादकांनी अमळनेरला दिलेली पाने मला जास्त वाटत नाहीत.

त्या आंघोळीविषयी एवढेच सांगतो, की गुरुजींना ती गाळता आली असती. १९३३ साली ते पुस्तक लिहीत होते, तेव्हा अस्पृश्यतेविरुद्धची चळवळ ऐन भरात होती आणि स्वतः गुरुजी त्या विचारांचे होते. आईला अधिक निर्मळ दाखवण्यासाठी एक वाक्य वगळणे किती सोपे होते. त्यांनी ते वगळले नाही.

पांझराकाठचा वाचक, धुळे

सरांचे म्हणणे मला बहुतांशी मान्य आहे, तरी अंकाविषयी माझी एक तक्रार आहे, आणि ती धुळेकर म्हणून नाही. १९३० साली गुरुजींनी शाळा सोडून सत्याग्रहात उडी घेतली, आणि त्यानंतरची तुरुंगातली वर्षे या अंकात जेमतेम दोन पानांत संपतात. अमळनेरची मुले आणि 'श्यामची आई' यांना जोडणारा पूल तुरुंगातच बांधला गेला, असे माझे मत आहे.

धुळ्याच्या तुरुंगात २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ या काळात विनोबांनी दर रविवारी गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन दिले, आणि ती अठरा प्रवचने गुरुजींनी ऐकता ऐकता उतरवून घेतली. 'गीता प्रवचने' हे पुस्तक आज आपल्या हाती आहे ते त्या लेखणीमुळे. बोलणाऱ्याच्या वेगाने, त्याच्या बोलण्यातला ओलावा न हरवता लिहिणे ही साधी गोष्ट नाही. ज्याने छात्रालयात रात्री जागून सकाळच्या आत मुलांसाठी संपूर्ण दैनिक हाताने लिहून काढले होते, त्याच्या हाताला हा वेग आधीच ठाऊक होता. पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात ९ फेब्रुवारी १९३३ च्या गुरुवारी त्यांनी 'श्यामची आई' लिहायला घेतली आणि १३ तारखेच्या सोमवारी पहाटे हातावेगळी केली. या पाच दिवसांकडे आपण चमत्कार म्हणून पाहतो. मला त्यात अमळनेरच्या सहा वर्षांचा आणि धुळ्याच्या अठरा रविवारांचा सराव दिसतो. पुस्तक बोलल्यासारखे वाटते, कारण ते लिहिणारा हात बोलणे टिपण्यात तयार झालेला होता. विशेषांकात ही साखळी कोणीतरी मांडायला हवी होती. दैनिकावरचा लेख एका टोकाला, तुरुंगावरचे टिपण दुसऱ्या टोकाला, आणि मध्ये जाहिराती, अशी मांडणी पाहून मला हळहळ वाटली.

आपल्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाबाबत मात्र मला थोडा वेगळा सूर लावावासा वाटतो. 'गुरुजींनी लपवले नाही' हे उत्तर आपल्यासारख्या मोठ्यांसाठी आहे. चौथीतल्या मुलीला लेखकाच्या प्रामाणिकपणाशी काय देणेघेणे? तिला न्याय हवा आहे. म्हातारीला मदत मिळाली, पण तिचा स्पर्श पाण्याने धुऊन टाकायचा राहिलाच, हे तिने बरोबर पकडले. श्यामची आई चुकली, असे वर्गात स्पष्ट सांगायला हरकत नसावी. आईवरचे प्रेम त्याने कमी होत नाही.

एक वाचक, जामनेर

अंकाचे मुखपृष्ठ आणि छपाई सुरेख आहे, परंतु मुलांच्या लेखकावरील या अंकात मुलांनी वाचावे असे एकही पान नाही, याचे वाईट वाटले. 'सुंदर पत्रे'मधील एखादे पत्र किंवा 'गोड गोष्टीं'पैकी एखादी गोष्ट सहज देता आली असती.

ग्रंथपाल, यावल तालुका

गेली एकोणीस वर्षे मी एका गावाचे वाचनालय सांभाळते आहे, म्हणून मुलांच्या बाजूने चार शब्द लिहिते.

जामनेरच्या वाचकांची सूचना मी मनापासून उचलून धरते. आमच्याकडे 'श्यामची आई'च्या पाच प्रती आहेत आणि त्यांपैकी दोन आता बांधणीला द्याव्या लागतील. बहुतेक वेळा पुस्तक आई-वडील घेऊन जातात, मुले स्वतःहून मागतात ती फार थोडी. मात्र मोठ्याने वाचून दाखवले, की चित्र बदलते. आमच्या केळीच्या पट्ट्यातल्या मुलांनी समुद्र पाहिलेला नसतो, फणस झाडाला कसा लागतो हे ठाऊक नसते, लाडघरचे तामस्तीर्थ त्यांना परक्या देशासारखे वाटते. पण श्याम पोहायला नको म्हणून लपून बसतो आणि आई शिंपटी घेऊन त्याला बाहेर काढते, ही रात्र वाचताना एकही मूल जागचे हलत नाही, कारण विहीर त्यांची ओळखीची आहे आणि विहिरीची भीतीही. आपल्या मुलाला कोणी भित्रा म्हणू नये म्हणून मारणारी आई त्यांना लगेच कळते. या पुस्तकाला 'रडवे' म्हणणाऱ्यांनी ही रात्र मुलांच्या घोळक्यात बसून एकदा ऐकावी.

मागच्या उन्हाळ्यात आमच्या वाचनालयात येणाऱ्या एका आजींनी यातल्या काही रात्री नातवंडांना अहिराणीत सांगितल्या. त्या पुस्तकाला 'श्यामनी माय' म्हणत. आई या शब्दाच्या जागी माय आली आणि कोकणातले ते घर एकदम आमच्या गावात येऊन उभे राहिले. अशा सांगण्याविषयी अंकात एखादा लेख असता, तर अमळनेरवरच्या सगळ्या पानांइतकाच तो खान्देशचा ठरला असता.

आणखी एक उणीव मला जाणवली. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन आमच्या फैजपूरला झाले आणि त्यासाठी गुरुजी गावोगाव हिंडले. अंकात त्याची एका परिच्छेदात बोळवण केली आहे. मुलांसाठी लिहिणारा माणूस शेतकऱ्यांच्या आणि गिरणी कामगारांच्या सभांतही तितक्याच कळकळीने बोलत होता, १९३८ मध्ये अमळनेरहून 'काँग्रेस' साप्ताहिक काढत होता, हे कळले नाही तर त्यांच्या गोष्टींतली गरिबी नुसती हळवी वाटू लागते. 'तेल आहे, तर मीठ नाही' ही रात्र लिहिणाऱ्याला ती अवस्था आठवणीतून माहीत होती आणि आजूबाजूला दिसतही होती.

आता त्या आंघोळीकडे येते. धुळ्याच्या वाचकांशी मी सहमत आहे, की आई तिथे चुकली असे म्हणावे. फक्त तिथे थांबू नये. त्या मुलीला पुढची गोष्ट सांगावी. मोळी उचलून देऊन आंघोळ करणारा तो मुलगा मोठा झाला. पंढरपूरच्या विठ्ठल मंदिराचे दार सर्वांना उघडावे म्हणून त्याने महाराष्ट्रभर दौरा केला, आणि तरी दार उघडेना, तेव्हा मे १९४७ मध्ये पंढरपुरात प्राण पणाला लावून उपोषण केले. मंदिर खुले झाले. आईने सांगितलेली पहिली गोष्ट त्याने आयुष्यभर धरून ठेवली आणि दुसरी सोडून दिली.

प्राथमिक शिक्षिका, चोपडा

सर्वांची मनापासून आभारी आहे. सर, 'रात्रीं'च्या रचनेविषयी आपण लिहिले ते वाचल्यावर संपादकांवरचा माझा आक्षेप मी मागे घेते, तुरुंगाच्या पानांविषयीची तक्रार मात्र मलाही पटली. अंकाच्या शेवटी वाचकांची पत्रे मागवली आहेत. साखळी तुटल्याची, अहिराणी सांगण्याची आणि मुलांच्या पानांची अशा तिन्ही सूचना एकत्र करून मी एक पत्र लिहिते आणि पाठवण्याआधी त्याचा मसुदा येथे ठेवते.

काल शनिवार होता. ठरलेली रात्र बाजूला ठेवून मी 'देवाला सारी प्रिय' पुन्हा वाचली आणि ग्रंथपाल ताईंनी लिहिले तसे पंढरपूरपर्यंत सांगितले. श्यामच्या आईचे तेवढे चुकले, हेही सांगितले. त्या मुलीने सगळे नीट ऐकून घेतले आणि विचारले, की उपोषणाच्या वेळी श्यामची आई जिवंत होती का. ती १९१७ सालीच गेली होती, असे मी सांगितले. थोडा वेळ विचार करून ती म्हणाली, "असती तर तिनं त्याला दार उघडेपर्यंत जेवायला बोलावलं नसतं."