बायपासमध्ये शिकाऊ सर्जनच्या हाती सुई कधी द्यावी?

मांडवीकाठ

"सरकारी इस्पितळात बायपास म्हणजे शिकाऊंच्या हातची. पैसे असतील तर बेळगाव नाहीतर मुंबई गाठा." हे वाक्य गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंत ऐकू येतं आणि दर वेळी माझी चिडचिड होते. मी हृदयशस्त्रक्रियेच्या ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) भूलतज्ज्ञ आहे. रुग्णाच्या डोक्याशी उभं राहून मी सर्जन घडताना पाहिले आहेत. माझं मत असं: शिकाऊ सर्जनने टाके घातलेच पाहिजेत, पण आधी पंपावर, म्हणजे हृदय-फुप्फुसांचं काम मशीनवर सोपवून थांबवलेल्या हृदयावर. धडधडत्या हृदयावरची बायपास त्यानंतर.

सुई हातात दिली म्हणजे अख्खं ऑपरेशन सोपवलं असं नसतं. पहिल्यांदा अडलेल्या धमनीला वळसा द्यायला पायाची शीर काढायची, छातीचं हाड उघडायचं आणि बंद करायचं. मग छातीच्या भिंतीमागची लिमा धमनी सोडवायची, पंपाच्या नळ्या घालायच्या. शिरेचा महाधमनीवरचा जोड त्यानंतर, कारण तिथली भिंत जाड आणि छिद्र मोठं असतं. हृदयावरचे जोड त्याच्याही नंतर. तिथली धमनी जेमतेम दीड-दोन मिलिमीटरची आणि दोरा केसाइतका बारीक. लिमा एलएडीला, म्हणजे हृदयाच्या पुढच्या मुख्य धमनीला, जोडणं सगळ्यांत शेवटी, कारण माणसाची पुढची वर्षं त्या एका जोडावर उभी असतात. १० वर्षांनंतरही लिमाचे ९० टक्क्यांहून जास्त ग्राफ्ट (जोडलेल्या रक्तवाहिन्या) वाहते असतात. पायाच्या शिरांचे जवळपास निम्मे तोवर बंद पडलेले किंवा खराब झालेले असतात.

अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांत २,२०३ रुग्णांवर रूबी नावाची चाचणी झाली, निष्कर्ष २००९ मध्ये आले. तिथे निवासी डॉक्टरांनी पुष्कळ टाके घातले होते. वर्षभराने पंपावर केलेले ८७.८ टक्के ग्राफ्ट उघडे होते, पंपाशिवाय केलेले ८२.६ टक्के. नवखा हात आणि हलतं हृदय एकत्र आलं की किंमत रुग्ण मोजतो.

डिचोलीकर

माझ्या बाबांची बायपास झाली आहे, म्हणून लिहितो. डॉक्टरसाहेब, सर्जन कसा घडतो ते तुम्ही नीट सांगितलंत. तो कोणाच्या छातीवर घडतो, हा माझा प्रश्न आहे.

आम्हांला ऑपरेशनच्या आदल्या रात्री फॉर्म दिला. त्यावर मोठ्या डॉक्टरांचं नाव आणि पुढे "व त्यांचे सहकारी", एवढंच. आई म्हणाली, सही कर, सकाळी लवकर न्यायचं आहे. अशा वेळी कोण उलट प्रश्न विचारतो? पैसेवाला सर्जन निवडतो. सरकारी आरोग्य योजनेच्या दीनदयाळ कार्डावर आलेल्याला तशी मुभा नसते. शिकवणं गरजेचं आहे, मान्य. मग त्याचा भार एकाच वर्गाने का उचलायचा? आणि तोही त्याला न सांगता?

सात_शून्य

मी हृदयशल्यचिकित्सक आहे. मांडवीकाठ यांनी सांगितलेला क्रम मला मान्य नाही.

भारतात बहुतेक बायपास धडधडत्या हृदयावरच होतात. एम.सीएच. या हृदयशल्याच्या पदवीची तीन वर्षं फक्त पंपावर शिकलेला मुलगा पहिल्याच नोकरीत धडधडत्या हृदयासमोर उभा राहील, आणि तेव्हा टेबलाच्या पलीकडे त्याचे सर नसतील. खरा धोका तो आहे. रूबीत सर्जनला पंपाशिवायच्या २० केसेसचा अनुभव असला तरी चालत होता. परिणामी पंपाशिवाय सुरू केलेल्या शस्त्रक्रियांपैकी १२.४ टक्के मधेच पंपावर न्याव्या लागल्या. तंत्र कमी शिकवलं गेलं, म्हणून तंत्रच वाईट ठरवायचं का? १९ देशांतल्या ४,७५२ रुग्णांवर कॉरोनरी चाचणी झाली, तिचे पहिले निष्कर्ष २०१२ मध्ये आले. तिथे पाच वर्षांनीही दोन्ही पद्धतींत मोठा फरक दिसला नाही.

कोलेसोव्ह यांनी १९६४ मध्ये लेनिनग्राडला लिमा जोडली ती धडधडत्या हृदयावरच. आज ज्याच्या महाधमनीत कॅल्शियम साचलंय, त्याच्या महाधमनीला क्लॅम्प (चिमटा) लावला की कण सुटून मेंदूत जाऊ शकतात. महाधमनीला हात न लावता बायपास करणारा सर्जन त्या रुग्णाला हवाच. शिकवण्याची वाटही आहे: हृदयाचा तेवढाच भाग स्थिर धरणारा स्टॅबिलायझर लावून आधी एलएडी, कारण ती समोरच असते आणि हृदय फारसं उचलावं लागत नाही. मग उजवी बाजू. मागची सर्कमफ्लेक्स धमनी शेवटी. हे पहिल्या वर्षापासून व्हायला हवं.

मांडवीकाठ

सर, कॉरोनरीचा दाखला तुम्हीच दिलात ते बरं झालं. तिथे प्रत्येक सर्जनला त्या पद्धतीच्या १०० हून जास्त केसेसचा आणि दोन वर्षांहून अधिक काळाचा अनुभव लागत होता. शिकाऊंना मुख्य सर्जन होण्याची परवानगीच नव्हती. म्हणजे मुरलेल्या हातांत दोन्ही पद्धती सारख्या. पहिल्या वर्षाच्या मुलाबद्दल ती चाचणी काहीच सांगत नाही.

सर्कमफ्लेक्ससाठी हृदय उचललं की बीपी कोसळतो. मी टेबल डोक्याकडून खाली करतो, औषधं वाढवतो आणि सर्जनला सांगतो, थोडं खाली ठेवा. अनुभवी सर्जन ठेवतो. शिकाऊचे तीन टाके उरलेले असतात आणि त्याचा हात घाई करायला लागतो. पंपावर तोच मुलगा चुकलेला टाका काढून पुन्हा घालू शकतो. तिथेही क्लॅम्पचा वेळ मोजला जातोच, पण बीपी सांभाळायला मशीन असतं.

सिस्टर_मडगाव

मी अनेक वर्षं ओटीत सर्जनच्या हातात सुई देत आले. दोन्ही डॉक्टर माणसावरच्या पहिल्या टाक्याबद्दल बोलताहेत. त्याच्याआधीचे टाके कुठे घातले जातात ते कोणी विचारत नाही.

डुकराचं हृदय माणसाच्या हृदयाच्या फार जवळचं असतं. कित्येक राज्यांत ते मिळवायला खटपट करावी लागेल, आपल्याकडे म्हापशाच्या बाजारात सांगून ठेवलं तर मिळेल. लूप (डोळ्यांवरचं भिंग), सुईधारक आणि मुदत संपलेला प्रोलीन दोरा घेऊन मुलगा त्यावर हवे तितके जोड घालू शकतो. जोड झाला की त्यातून पाणी सोडायचं. गळतं कुठे, अडतं कुठे, ते लगेच समजतं. जोड उभा कापून आतून बघितला की सुई मागच्या भिंतीत अडकली होती का तेही दिसतं. हे माणसावर कधीच बघता येत नाही.

मग होत का नाही? खोली मिळत नाही आणि वेळ मिळत नाही. निवासी डॉक्टर रात्रभर आयसीयूत ड्रेन (छातीतल्या नळीतून येणारं रक्त) मोजत बसतो आणि सकाळी जखम उघडी ठेवणारा रिट्रॅक्टर धरतो. डिचोलीकर दादा, तुमच्या फॉर्मचा मुद्दा खरा आहे. पण मला विचाराल तर सही मागण्याआधी त्या मुलाला टेबलावर बसवून सराव करून घ्यायला हवा होता, आणि तो वेळ ड्युटीतच धरायला हवा.

काणकोणचा_मास्तर

सगळ्यांचं वाचलं. मी डॉक्टर नाही, हिशेब मांडतो. २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या १४.५८ लाख. त्यातले बायपासचे रुग्ण किती, त्यातले बाहेर जाणारे किती? आता झटका आला की लगेच स्टेंट. उरतात ते मधुमेहाने सगळ्या धमन्या खराब झालेले, वय झालेले. अशा थोड्या आणि अवघड केसेसवर नवखे हात कशाला बसवायचे? मुलांना मोठ्या केंद्रांत पाठवा. तिथे रोज टेबलं चालतात. तयार होऊन येऊ द्या. यात कमीपणा काय आहे?

सात_शून्य

मास्तर, काही महिने बाहेर पाठवायला माझी हरकत नाही, उलट पाठवाच. पण शिकवणं थांबलेल्या विभागात सर्जन टिकत नाहीत. तयार होऊन परत येईल याची खात्री कोण देणार? हृदयशल्याच्या कितीतरी जागा देशात आधीच रिकाम्या राहतात, मुलं कार्डिऑलॉजीकडे वळतात. आणि मधुमेहींनाच तर बायपासची जास्त गरज. १,९०० मधुमेहींवरच्या फ्रीडम चाचणीत पाच वर्षांतले मृत्यू स्टेंटच्या गटात १६.३ टक्के आणि बायपासच्या गटात १०.९ टक्के होते. स्टेंट आहेत म्हणून हे काम संपणार नाही. गोव्यात १८४२ पासून डॉक्टर घडताहेत, हृदयाचे सर्जनही इथे घडू शकतात.

सिस्टरांचं मात्र शब्द न् शब्द पटलं.

डिचोलीकर

मला अजून उत्तर मिळालेलं नाही. पंपावर की पंपाशिवाय, ते तुम्ही जाणकारांनी ठरवा. मला एवढंच हवंय: फॉर्मवर लिहा की अमुक भाग शिकाऊ डॉक्टर करतील, मोठे डॉक्टर समोर उभे असतील, आणि "नको" म्हटलं तर रुग्णाची तारीख पुढे ढकलली जाणार नाही. हे आदल्या रात्री नाही, ओपीडीत सांगा. माझे बाबा आज चालतात-फिरतात, देवळात जातात. त्यांना आधी विचारलं असतं तर ते बहुतेक "हो" म्हणाले असते. पण त्यांना विचारायला हवं होतं.

काणकोणचा_मास्तर

असं विचारलं तर कोणी हो म्हणणार नाही, डिचोलीकर.

सिस्टर_मडगाव

म्हणतात हो मास्तर. मोठे डॉक्टर स्वतः खाटेशी येऊन, खुर्ची ओढून बसले आणि "हा माझा विद्यार्थी, मी याच्या समोरच असेन" असं त्या मुलासमक्ष म्हणाले, तर म्हणतात. मी पाहिलंय. सही घ्यायला इंटर्नला पाठवलं की नाही म्हणतात.

मांडवीकाठ

डिचोलीकर, ओपीडीत सांगण्याचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. एक गोष्ट तुम्ही आजही करू शकता. कोणता जोड कुठे, कोणती धमनी वापरली, मुख्य सर्जन कोण, सहायक कोण, हे ऑपरेशन नोटमध्ये लिहिणं अपेक्षित असतं. डिस्चार्ज कार्डावर त्याचा सारांशच येतो. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत कागदपत्रं द्यावी लागतात. मुदत एक आहे: इस्पितळाने ती तीन वर्षं जपून ठेवणं बंधनकारक आहे. बाबांच्या ऑपरेशनला तेवढा काळ झाला नसेल तर त्यांच्या नावाने लेखी अर्ज द्या, पोच घ्या. त्यात शिकाऊ डॉक्टरचं नाव नसेल आणि टाके त्याने घातले असतील, तर ते मला भूलतज्ज्ञ म्हणूनही चालणार नाही.