लघवीच्या पट्टीवरील रंगांचा अर्थ प्रत्येक प्राण्यासाठी वेगळा लावावा का?

प्रश्न (पशुवैद्यक आंतरवासितेतील विद्यार्थिनी)

नमस्कार. आमच्याकडे लघवीची रासायनिक तपासणी दहा रकान्यांच्या पट्टीवर होते आणि बाटलीवरील रंगतक्त्याशी ताडून आलेले निष्कर्ष तसेच्या तसे केसपेपरवर उतरवले जातात. अलीकडच्या काही नमुन्यांमुळे मात्र माझ्या मनात शंका निर्माण झाली आहे. एका वयस्क कुत्र्याच्या लघवीत प्रथिने २+ आणि बिलिरुबिन (तांबड्या पेशी मोडल्यावर तयार होणारे पिवळे द्रव्य) १+ आले (अधिकचा आकडा जितका मोठा, तितका रंग गडद); रिफ्रॅक्टोमीटरवर विशिष्ट गुरुत्व (लघवी किती घट्ट आहे याचे माप) १.०४८ होते. एका मांजरीच्या नमुन्यात फक्त पांढऱ्या पेशींचा रकाना २+ होता, बाकी सर्व निरंक. आणि वरकरणी निरोगी दिसणाऱ्या गायीच्या लघवीचा सामू (पीएच) ८.५ व प्रथिने १+ आली. या तिन्ही प्राण्यांना आजारी समजावे का? कोणत्या रकान्यांवर विश्वास ठेवावा आणि परीक्षानळीतील जुन्या चाचण्या आजही कराव्यात का, यावर अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ (लहान प्राण्यांवर उपचार करणारे पशुवैद्य)

ही पट्टी मुळात मानवी लघवीसाठी तयार झालेली आहे आणि प्राण्यांत वापरताना तिचे काही रकाने सरळ सोडून द्यावे लागतात. पांढऱ्या पेशी, नायट्राइट, युरोबिलिनोजेन आणि विशिष्ट गुरुत्व हे चार रकाने मी नोंदवतच नाही. पांढऱ्या पेशींचा रकाना मांजरात पेशी नसतानाही रंग दाखवतो, तर कुत्र्यात पू असूनही अनेकदा कोरा राहतो. त्यामुळे आपल्या मांजरीच्या २+ ला, लघवी सेंट्रिफ्यूज करून तिचा गाळ सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय, काहीही अर्थ नाही. केवळ त्या जांभळ्या छटेवर प्रतिजैविक सुरू करणे मला मुळीच मान्य नाही.

बिलिरुबिनचे नेमके उलट आहे. कुत्र्याच्या, विशेषतः नराच्या, मूत्रपिंडाची बिलिरुबिन अडवण्याची मर्यादा फार कमी असते, शिवाय त्याच्या मूत्रनलिकांच्या पेशी स्वतःही थोडे बिलिरुबिन तयार करू शकतात, म्हणून १.०४८ इतक्या घट्ट लघवीतील १+ हे निरोगी कुत्र्यातही आढळते. तेच १+ मांजरात आले असते, तर मी त्याच दिवशी यकृताची आणि रक्तपेशी फुटत आहेत का याची तपासणी केली असती.

प्रथिनांचा विचार विशिष्ट गुरुत्वाशिवाय करूच नये. १.०४८ च्या लघवीतील २+ पेक्षा १.०१० च्या लघवीतील १+ मला अधिक काळजीचे वाटते, कारण पातळ लघवीत तेवढा रंग येण्यासाठी दिवसभरात बरेच जास्त प्रथिन बाहेर जावे लागते. तरीही आपल्या कुत्र्याचे २+ दुर्लक्षित करू नका. आधी गाळ पाहून रक्तस्राव व जंतुसंसर्ग नाही याची खात्री करा आणि मग प्रथिने-क्रिएटिनिन गुणोत्तर (लघवीच्या घट्टपणाचा परिणाम वगळून प्रथिने मोजण्याची रीत) काढा. कुत्र्यात ०.५ च्या वर आणि मांजरात ०.४ च्या वर गुणोत्तर पुन्हा पुन्हा, किमान दोन आठवड्यांच्या अंतराने, येत राहिले, तरच मूत्रपिंडातून प्रथिने सातत्याने जात आहेत असे म्हणता येते.

ग्लुकोजबद्दल एकच गोष्ट. मांजर घाबरले तरी त्याची रक्तशर्करा मूत्रपिंडाच्या मर्यादेपलीकडे जाऊ शकते, म्हणून केवळ लघवीवरून मधुमेहाचे निदान करू नये, रक्तातील फ्रुक्टोसॅमिन (मागील काही आठवड्यांतील सरासरी शर्करा दाखवणारा घटक) तपासावे. आणि रक्तातील शर्करा सामान्य असताना लघवीत ग्लुकोज सापडले, तर दोष मूत्रनलिकांमध्ये शोधावा.

उत्तर २ (जनावरांचे पशुवैद्य)

गायीबद्दल मी लिहितो. रवंथ करणाऱ्या जनावरांची लघवी अल्कधर्मीच असते आणि सामू ८ च्या आसपास असणे हे तिच्या चाऱ्याचे लक्षण आहे, आजाराचे नव्हे. प्रथिनांचा रकाना हा प्रत्यक्षात सामूदर्शक रंगावर चालतो, त्यामुळे लघवी फार अल्कधर्मी असली की प्रथिन नसतानाही तो हिरवट होतो. अशा वेळी परीक्षानळीतील चाचणी खरोखर उपयोगी पडते. लघवी उकळून गढूळपणा आला, तर त्यात ॲसेटिक आम्लाचे काही थेंब टाकावेत. गढूळपणा नाहीसा झाला तर ते फॉस्फेट होते, टिकून राहिला तर प्रथिन. घोड्याच्या लघवीत आम्ल टाकताच बुडबुडे आले तर घाबरू नये, कारण तिच्यात कॅल्शियम कार्बोनेटचे स्फटिक स्वाभाविकपणे भरपूर असतात.

लघवीतील कीटोन (शरीर चरबी जाळू लागल्यावर तयार होणारी द्रव्ये) शोधणारी रोथेरा चाचणी मी आजही करतो. लघवी अमोनियम सल्फेटने संपृक्त करून त्यात सोडियम नायट्रोप्रुसाइड मिसळावे आणि नळीच्या कडेने तीव्र अमोनिया हळूच सोडावा. जांभळे कडे दिसले की कीटोन आहेत. मात्र ही चाचणी आणि पट्टीचा रकाना, दोन्ही मुख्यतः ॲसिटोॲसिटेट ओळखतात. रक्तात सर्वाधिक असणारे बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेट त्यांना दिसतच नाही. शिवाय कीटोन लघवीत एकवटतात, म्हणून नुकत्याच व्यालेल्या, नीट खाणाऱ्या गायीतही फिकट रंग येऊ शकतो. शंका राहिल्यास रक्तातील बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेट मोजावे, १.२ मिलिमोल प्रति लिटर किंवा त्याहून अधिक असेल, तर लक्षणे नसली तरी कीटोसिस (कीटोन वाढण्याचा आजार) धरावा.

आपण विचारले नाही, तरी लाल लघवीविषयी लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण तिथे चूक महागात पडते. पट्टीचा रक्ताचा रकाना अखंड तांबड्या पेशी, हिमोग्लोबिन आणि मायोग्लोबिन या तिघांनाही सारखाच प्रतिसाद देतो. लघवी सेंट्रिफ्यूज केल्यावर तळाशी लाल थर बसून वरचा द्रव स्वच्छ झाला तर रक्तस्राव आहे. द्रव लालच राहिला तर रक्ताचा प्लाझ्मा पाहावा: तो गुलाबी असेल तर पेशी शरीरातच फुटत आहेत, आणि मग गोचिडांमुळे होणारा बबेसियोसिस किंवा, विशेषतः व्यालेल्या म्हशीत, फॉस्फरसची कमतरता यांचा तातडीने विचार करावा. प्लाझ्मा स्वच्छ असेल तर मायोग्लोबिनचा, म्हणजे स्नायूंच्या इजेचा, संशय घ्यावा.

उत्तर ३ (प्रयोगशाळा तंत्रज्ञ)

वरील सर्व गोष्टी नमुना ताजा असेल तरच लागू पडतात. लघवी शक्यतो अर्ध्या तासात तपासावी. ते शक्य नसेल तर ती शीतकपाटात ठेवावी आणि तपासण्याआधी खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी, कारण ग्लुकोजचा रकाना एन्झाइमवर चालतो आणि थंड लघवीत तो खोटा कोरा राहू शकतो. उघड्यावर राहिलेल्या लघवीचा सामू आपोआप वाढतो. जमिनीवरून किंवा टेबलावरून नमुना गोळा केल्यास तिथल्या जंतुनाशकामुळे रक्त व ग्लुकोजचे रकाने खोटे रंगतात. पट्ट्यांच्या बाटलीचे झाकण उघडे राहू देऊ नका.

प्रश्नकर्ती

आपल्या सर्वांची मी मनापासून आभारी आहे. गायीबद्दल आणखी एक विचारते: प्रौढ गायीची लघवी आम्लधर्मी आली, तर ती आजाराची खूण समजावी का?

उत्तर २

प्रथम तिचा आहार विचारावा. विण्यापूर्वी दुग्धज्वर टाळण्यासाठी ऋणभारित क्षार (शरीर किंचित आम्लधर्मी करणारे) दिले जात असतील तर सामू मुद्दामच ६ ते ७ च्या दरम्यान आणलेला असतो, आणि उपाशी गायीतही तो उतरतो. दूध पिणाऱ्या वासराची लघवी तर आम्लधर्मीच असते. ही कारणे नसताना चारा सोडलेल्या गायीची लघवी आम्लधर्मी आली आणि रक्त मात्र अल्कधर्मी निघाले, तर चौथे पोट जागेवरून सरकल्याची शक्यता तपासावी. तिथे क्लोराइड पोटात अडकून पडते, पोटॅशियमही घटते, आणि मूत्रपिंड सोडियम वाचवण्यासाठी हायड्रोजन बाहेर टाकू लागते. अशा गायीच्या डाव्या-उजव्या कुशीवर स्टेथोस्कोप लावून, टिचकी मारून धातूसारखा नाद येतो का हे त्याच भेटीत पाहावे, आणि रक्तातील क्लोराइड व पोटॅशियम मोजल्याशिवाय तिला खाण्याचा सोडा देऊ नये.